बंदुकीची निवड

आमच्या मराठवाड्यात खरेदी ही एकट्या माणसाने उरकावयाची गोष्ट समजली जात नाही. माळेगावच्या यात्रेत बैल घ्यावयाचा झाला तरी दात पाहण्यास एक सोयरा, चाल पाहण्यास गावातील एखादा जाणता म्हातारा आणि किमतीची घासाघीस करण्यास एक बोलका मित्र, एवढा मेळा यजमानाबरोबर निघतो. या रिवाजात मोठे शहाणपण आहे. ज्याला वस्तू घ्यावयाची असते त्याचे मन तिच्यावर आधीच बसलेले असते, आणि बसलेल्या मनाला दात मोजता येत नाहीत. त्यातून ती वस्तू शस्त्र असली म्हणजे चार जणांचा विचार अधिकच हवा. आम्ही नांदेडचे. आमच्या शहरात गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला, आणि सचखंडात जतन केलेली शस्त्रे आजही भाविकांना आदराने दाखविली जातात. खंडेनवमीस तर आमच्या घरोघरी विळ्या-कोयत्यांनाही हळदकुंकू मिळते. शस्त्राविषयीचा आदर या भूमीत कमी नाही. ते निवडावे कसे, हे सांगणारी माणसे मात्र थोडी.

त्या थोड्यांत आमच्या मेहुण्यांनी आमची गणना केली. कारण एवढेच की, कॉलेजातील अध्यापनाबरोबर राष्ट्रीय छात्रसेनेचे काम आम्ही बरीच वर्षे पाहिले, आणि बाविसाच्या रायफलीने मुलांकडून निशाणे मारून घेतली. मेहुण्यांची शेती अहमदपूर तालुक्यात. रानडुकरांनी आणि रोह्यांनी लागोपाठ दोन वर्षे त्यांचा हरभरा धडपणे घरी येऊ दिला नव्हता. इकडे आमची भाची लातुरास कॉलेजात शिकते. छात्रसेनेच्या शिबिरात तिने पहिल्यानेच रायफल खांद्याला लावली, आणि तेव्हापासून तिला नेमबाजीखेरीज दुसरे काही सुचेनासे झाले. दाजींनी या दोन गरजांची मोठ्या हिशेबीपणाने एकच बेरीज केली. एकच रायफल घ्यावी. दिवसा मुलीने निशाण मारावे, रात्री आपण शेत राखावे, आणि अधूनमधून एखादा ससा वा तित्तिर मिळाला तर घरच्या चुलीचीही तक्रार नसावी. रायफल मात्र सेमी-ऑटोमॅटिक हवी, म्हणजे एकदा चाप ओढला की पुढचे काडतूस आपोआप नळीत आलेच पाहिजे. "मामा, डुक्कर काय आपण दुसरी गोळी भरेस्तोवर थांबतंय का?" असा त्यांचा सवाल होता. भाचीनेही अशा रायफलींची चित्रे आम्हांस आपल्या मोबाईलवर दाखविली.

सवाल रास्त होता, म्हणून त्याचे उत्तरही मुळापासून देणे आम्हांस भाग पडले. बाविसाचे काडतूस ही मोठी गुणी वस्तू आहे. आज जगभर जे .२२ लाँग रायफल या नावाने ओळखले जाते, ते अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली काढले. याचे पेटते द्रव्य बुडाच्या मधोमध नसून कडेच्या आतल्या पोकळीत भरलेले असते. रायफलीची सुई त्या कडेवर आपटली की ते पेटते. कडेचा पत्रा दाबला जावा म्हणून तो पातळ ठेवावा लागतो, आणि पत्रा पातळ म्हणून आतला दाबही बेताचाच ठेवावा लागतो. यामुळे आवाज थोडा, खांद्याला धक्का जवळजवळ नाही, आणि खर्चही इतर काडतुसांच्या मानाने कमी. गोळीचे वजन सुमारे अडीच ग्रॅम. शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती देण्यास याहून सौम्य काडतूस मिळणे कठीण.

हेच काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीही जुन्याच आहेत. विंचेस्टर कंपनीने १९०३ साली अशी एक रायफल काढली. तिच्यासाठी काडतूस मात्र निराळे होते. पुढे जॉन ब्राउनिंगने आखलेली सुटसुटीत रायफल बेल्जममध्ये तयार होऊ लागली, आणि १९६४ पासून रूगर कंपनीची दहा गोळ्यांची रायफल अमेरिकेतील खेड्यापाड्यांत पोहोचली. यांची युक्ती सोपी आहे. गोळी पुढे जाताना वायूचा दाब रिकाम्या टरफलाला मागे ढकलतो. टरफलामागचा जड ठोकळा त्या रेट्याने सरकतो, टरफल बाहेर उडते, आणि स्प्रिंग ठोकळ्याला परत ढकलते तेव्हा मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीत जाऊन बसते. नेमबाजाने फक्त चाप ओढावयाचा. बोल्टच्या रायफलीत हीच सर्व कामे हाताने करावी लागतात: मूठ उचला, मागे ओढा, टरफल पडू द्या, पुढे ढकला, मूठ खाली दाबा. दोन बारांमध्ये चार-पाच सेकंद सहज जाऊ शकतात. दाजींच्या मते हे सेकंद म्हणजे निव्वळ तोटा. आमच्या मते सर्व लाभ त्यांतच होता. परंतु ते पुढे.

प्रथम ससा आणि तित्तिर यांचा निकाल लावू. निजामी अमदानीत या प्रांतातील बड्या मंडळींना शिकारीचा शौक होता, आणि त्या गोष्टी अजून गावोगावी रंगवून सांगितल्या जातात. ती अमदानी १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. शौक मात्र नंतरही काही काळ चालला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मोठा बांध घातला. त्या कायद्यातही परवाना काढून लहानसहान शिकार करण्याची एक वाट शिल्लक होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. ससा आणि तित्तिर आज कायद्याच्या आश्रयाखाली आहेत. परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत 'लहान शिकारीसाठी उत्तम' म्हणून जी रायफल वाखाणली जाते, तिचे ते अर्धे काम आपल्याकडे उरलेलेच नाही.

राहिली रानडुकरे आणि रोही. पिकाचा नाश करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याच्या अधिकाऱ्याची रीतसर परवानगी मागता येते, हे खरे. तथापि ती मिळाली तरी अडीच ग्रॅमची शिशाची गोळी शंभर किलोच्या डुकरासाठी नव्हे. तिने डुक्कर मरत नाही. जखमी होऊन उसात शिरते. दुसऱ्या दिवशी तेथे कापणीस जी माणसे वाकतात, त्यांची आणि त्याची गाठ पडते. रोह्याचीही तीच कथा. तो गोळी घेऊन चार शेते ओलांडतो आणि चार दिवसांनी कोठे तरी ओढ्यात तडफडून मरतो. दहा गोळ्या भराभर सुटल्या म्हणून या गोष्टीत सुधारणा होत नाही. एका जखमेऐवजी चार जखमा होतात, इतकेच.

याहून मोठी भीती निराळीच आहे. बाविसाची गोळी हलकी असली तरी दीड किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकते. दाजींचे शेत काळ्या जमिनीचे, सपाट. गोळी अडविण्यास ना टेकडी ना बांधाची उंची. पलीकडे कापूस वेचणाऱ्या बाया, पाण्याच्या पाळीसाठी रात्री मोटर सुरू करावयास निघालेला कोणी शेतकरी, रस्त्याने जाणारी दुचाकी. अंधारात झाडलेल्या, चुकलेल्या गोळीचा पत्ता नेमबाजाला कधीच लागत नाही. तो दुसऱ्याच कोणाला लागतो. हे आम्ही दाजींना सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. कारण पलीकडच्या शेतात त्यांच्याच सख्ख्या चुलत्याचे घर आहे.

मौज अशी की, एका शस्त्राने दोन कामे करू नयेत, हा विचार कायदा करणाऱ्यांनी फार पूर्वीच करून ठेवला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील १३ वे कलम परवाना कोणास व कशासाठी द्यावा हे सांगते. तेथे खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी तोंडाने ठासावयाची बंदूक सांगितली आहे, आणि.२२ ची रायफल सांगितली आहे ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाण मारण्यासाठी. शेत एका बाजूला, निशाण दुसऱ्या बाजूला. अर्धस्वयंचलित शस्त्रे तर २०१६ च्या शस्त्र नियमांत निराळ्या, अधिक कडक वर्गात बसविलेली आहेत. शिवाय परवान्याला २१ वर्षे पुरी व्हावी लागतात. भाची एकोणीस वर्षांची. तिला तूर्त देखरेखीखाली शिकण्यापुरतीच मुभा.

भाची हुशार. ती म्हणाली, "पण मामा, राही सरनोबतांचं पिस्तूल तर आपणच गोळी भरतं. त्यांनी त्यावरच सुवर्णपदक मिळवलं ना?" तिचे म्हणणे अचूक होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळविले, आणि त्या प्रकारात बाविसाचे अर्धस्वयंचलित पिस्तूलच वापरतात, कारण तेथे ठरावीक वेळात लागोपाठ बार काढावयाचे असतात. यंत्र वाईट नाही. त्याची जागा निराळी आहे. रायफलीच्या ऑलिंपिक स्पर्धांत मात्र प्रत्येक गोळी हातानेच भरावी लागते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले, ते अशाच रायफलीने. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतले, तेही एकेक गोळी हाताने भरून. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये कांस्यपदक आणले, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिंपिक पदक पडले. त्या ५० मीटरच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. म्हणजे हरभऱ्याच्या चांगल्या टपोऱ्या दाण्याएवढे. एवढ्या ठिकाणी गोळी पोहोचवावयाची असेल, तर ती किती लवकर सुटते याला काय किंमत?

आता ते चार-पाच सेकंद. छात्रसेनेच्या मुलांना शिकविताना आम्ही एक गोष्ट नेहमी पाहिली. पहिली गोळी चुकली की मुलाला दुसरीने तिची भरपाई करण्याची घाई होते. श्वास अर्धवट, गाल दस्त्यावरून सुटलेला, आणि चाप बोटाने दाबण्याऐवजी हिसडलेला. या वेळी बोल्ट त्याला थांबवितो. हात मुठीकडे न्यावा लागतो, टरफल पडते, आणि तेवढ्यात डोक्यात प्रश्न उभा राहतो की गोळी डावीकडे का गेली. जो या प्रश्नाचे उत्तर शोधून मगच पुढचे काडतूस भरतो, तो पुढे जातो. गोळी आपोआप भरणारी रायफल हा प्रश्न पडू देण्याइतकी उसंत देत नाही. जाणत्या नेमबाजाला ती उसंत स्वतः घेता येते. नवशिक्याला ती रायफलीनेच द्यावी लागते.

शेवटी ठरले ते असे. भाचीसाठी प्रथम ४.५ मिलिमीटरची एअर रायफल घ्यावी. ठरावीक शक्तीच्या आतील अशा रायफलीला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तिच्यावर दहा मीटरचा अभ्यास करावा, रायफल क्लबचे सभासद व्हावे, आणि वयाची २१ वर्षे भरली म्हणजे बोल्टची बाविसाची रायफल पाहावी. दाजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे पोरीचं काम झालं, माझं राहिलंच." यावर आमच्याजवळ गोड उत्तर नव्हते. शेताभोवती सौर झटक्याची तार, नुकसानीचा पंचनामा वेळेवर करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज, आणि माळ्यावर जागरण, हीच उत्तरे. ती खर्चाची, कष्टाची आणि अपुरी आहेत, हे दाजी जाणत होते आणि आम्हीही. बंदुकीने ती पुरी झाली नसती, एवढेच आम्ही खात्रीने सांगू शकलो.

तार बसली. यंदाही हरभऱ्याचा एक कोपरा रोह्यांनी खाल्लाच, पण उरलेला घरी आला. भाची सुटीत गावी आली म्हणजे वाड्याच्या पडवीत जाड फळीमागे मातीची पोती रचून सराव करते. परवा दाजींचा फोन आला. तक्रारीच्या सुरात म्हणाले, "मामा, ही पोरगी एक छर्रा मारते आणि मग नुसतीच बसून राहते. चांगल्या रायफलीवर पैसे घातले आणि ही एका तासात वीस छर्रे पण मारत नाही!" आम्ही त्यांना म्हटले, दाजी, तिला बसू द्या. तिचे शिकणे नीट चालले आहे.