एक वर्ष वाया जाईल

"ताई, एक साल वाया जाईल ना पोरीचं!"

२०२५ च्या जुलै महिन्यातील एका संध्याकाळी माझा धाकटा भाऊ ओट्यावर बसून हेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणाला. बाहेर पाऊस होता. त्याचा ऑटो अंगणात उभा होता. पुलगावच्या रेल्वे स्टेशनवर तो ऑटो चालवतो. आमचे नाचणगाव पुलगावला इतके लागून आहे की, कुठे एक संपते आणि कुठे दुसरे सुरू होते हे नव्या माणसाला कळत नाही. भावाची मुलगी पुलगावच्याच महाविद्यालयातून बी.कॉम.चे पहिले वर्ष चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. आता ती म्हणत होती, "मला इथून निघायचं आहे. मला बी.बी.ए. करायचं आहे, आणि ते चांगल्या ठिकाणी करायचं आहे."

पोरीने हे एका रात्रीत ठरवले नव्हते. बी.कॉम.चा अभ्यास सांभाळून तिने दोन प्रवेश परीक्षा दिल्या होत्या. पहिली इंदूरच्या आय.आय.एम.ची. तेथे २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम आहे. त्याच्या प्रवेश परीक्षेत गणित आणि इंग्रजी या दोनच गोष्टींचा कस लागतो. त्यात तिला मुलाखतीचे बोलावणे आले नाही. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. दुसरी आपल्या राज्याची सीईटी. २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.सी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि २०२४ साली राज्यात त्यांच्यासाठी प्रथमच सीईटी झाली. त्याआधी बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर नाहीतर महाविद्यालयाच्या स्वतःच्या परीक्षेवर प्रवेश होत असे. आपल्या खेड्यापाड्यांतील मुलांना ही गोष्ट अजूनही माहीत नाही. भाचीने २०२५ ची सीईटी दिली आणि तिला चांगले गुण पडले. पुण्यातील एका जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयात नंबर लागण्याची आशा होती.

पण प्रवेश मिळणार होता तो पहिल्या वर्षाला! बी.कॉम.चे एक वर्ष झालेले असताना पुन्हा पहिले वर्ष. भावाचे दुखणे ते होते.

त्या दुखण्यावर एका माणसाने औषध सांगितले होते. हा माणूस प्रवेश 'लावून' देतो म्हणे. त्याने भावाला सांगितले, "सीईटीच्या भानगडीत पडू नका. एका खासगी संस्थेत मुलीला थेट दुसऱ्या वर्षाला बसवतो. साल वाया जात नाही." भावाने मला न विचारता त्याच्या हातात दहा हजार रुपये ठेवले. त्याहून वाईट म्हणजे मुलीची दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका आणि जातीचा मूळ दाखलाही दिला. उरलेल्या रकमेसाठी भावजयीची पोत गहाण ठेवायची, एवढेच बाकी होते.

भावावर मी रागावले नाही. रागावण्याचा मला अधिकारच नव्हता. हेच वाक्य छब्बीस वर्षांपूर्वी माझ्याच घरात बोलले गेले होते आणि तेव्हा मी ते ऐकले होते.

१९९९ साली मी पुलगावला बी.कॉम.चे पहिले वर्ष पास झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने बी.एम.एस. हा व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. वाचनालयातील वर्तमानपत्रात मी ती बातमी वाचली, कागदावर उतरवून घेतली आणि बाबांना दाखवली. बाबा गिरणीतून थकून आलेले. त्यांनी कागद नीट वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "बाई, एक वर्ष वाया जाईल. हातातलं सोडू नये." त्यांचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारी मी पहिली. एका वर्षाचा खर्च म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक होते. मी बी.कॉम. झाले, कारकून झाले, वस्तीतल्या मुलींचे फॉर्म भरून देऊ लागले. त्या नोकरीवर घर चालले. पण तो कागद माझ्या ट्रंकेत अजून आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि भावाला घेऊन त्या माणसाकडे गेले.

त्याला मी तीनच प्रश्न विचारले. दहा हजारांची पावती कुठे आहे? दुसऱ्या वर्षाला घेणार, तर पहिल्या वर्षाचे विषय जुळतात असे विद्यापीठाचे लेखी पत्र कुठे आहे? आणि हा प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून आहे काय? तिसऱ्या प्रश्नावर तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, कोटा कोणताही असो, सीट सीट असते." तेथेच मला उत्तर मिळाले. सीट सीट नसते! व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्या मुलाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होत नाही. म्हणजे तीन वर्षांचे पूर्ण शुल्क ऑटोच्या कमाईतून भरावे लागले असते.

मूळ कागद संस्थेकडे गेले आहेत, पूर्ण फी भरल्याशिवाय मिळणार नाहीत, असे तो म्हणाला. मी त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना दाखवली. कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत, असे तीत स्पष्ट आहे. मी तेथेच बसून अर्ज लिहायला घेतला. तिसऱ्या दिवशी कागद परत आले. कागदपत्र तपासणीची मुदत संपायला एक दिवस उरला होता. दहा हजार रुपये मात्र आले नाहीत. तेवढी किंमत आम्ही मोजली. वाचकांपैकी कोणावर ती पाळी येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत एका महाविद्यालयातून दुसरीकडे जाणे म्हणजे काय, ते आम्ही नीट शिकलो.

पहिली गोष्ट टी.सी.ची. नव्या जागेचे वाटप हातात पडेपर्यंत जुन्या महाविद्यालयातून टी.सी. काढू नये. टी.सी. काढली की तेथला प्रवेश संपतो. नवी जागा हुकली तर मुलगा ना इकडचा ना तिकडचा. विद्यापीठ बदलत असेल तर टी.सी.बरोबर मायग्रेशन प्रमाणपत्रही लागते.

दुसरी गोष्ट, चालू वर्ष परीक्षा देऊन पूर्ण करावे. शिष्यवृत्ती घेऊन वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले तर घेतलेली रक्कम परत मागण्याचा अधिकार शासनाला असतो. शिवाय अभ्यासक्रम बदलल्यावर शिष्यवृत्ती कोणत्या वर्षापासून चालू होईल, हे समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. आम्ही तर पहिल्या वर्षाचा हिशेब शिष्यवृत्ती न धरताच केला.

तिसरी गोष्ट, केलेला अभ्यास पुसला जात नाही. २०२१ पासून 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' नावाची व्यवस्था आहे. बँकेत पैसे जमा व्हावेत तसे उत्तीर्ण विषयांचे क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. ते किती मान्य करायचे हे नवी संस्था ठरवते, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच विचारावे.

चौथी गोष्ट दाखल्यांची, आणि ही आपल्या घरांसाठी फार महत्त्वाची आहे. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. केंद्र सरकारच्या संस्थेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. तरीही केवळ दाखल्याचा नमुना चुकला म्हणून मुले अडतात. मुलगा अकरावीत गेला की हे कागद काढायला सुरुवात करावी. देवळीच्या तहसील कार्यालयात जूनमध्ये किती गर्दी असते, ते आपल्या तालुक्यातील लोकांना सांगायला नको.

एवढे सगळे झाले, तरी भावाच्या मनातून ते वाक्य जात नव्हते. तेव्हा मी त्याला बाबासाहेबांच्या शिक्षणाची हकीकत पुन्हा सांगितली. ती आपण जयंतीला दरवर्षी ऐकतो, पण तिच्यातील साले आपण मोजत नाही. बाबासाहेब १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले. १९१६ साली ते 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये गेले आणि तेथे एम.एस्सी.साठी अभ्यास सुरू केला. एवढा मोठा विद्वान, पण नव्या ठिकाणी पुन्हा पदव्युत्तर पदवीपासूनच आरंभ! १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मध्ये तीन वर्षे गेली. ती वाया गेली असे कोणी म्हणेल काय?

भाऊ बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पोत राहू दे. ऑटोचा पासिंगचा पैसा ठेवला आहे, तो देतो. पासिंगचं पाहू मंग."

पुण्याच्या महाविद्यालयात नंबर लागला. तेव्हाच आम्ही टी.सी. काढली. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये भाचीला बसवताना भावजयीने चिवड्याचा डबा दिला आणि मी माझ्या ट्रंकेतला १९९९ चा कागद दिला. पोरीने तो वाचला, काही बोलली नाही, पुस्तकात ठेवला.

सगळे गोड झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही. अशा मुलांसाठी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' आहे. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार रुपये मिळू शकतात. पण मंजुरी होऊन रक्कम खात्यावर येईपर्यंत खोलीभाडे आणि खानावळ घरूनच द्यावी लागते. पहिल्या महिन्यात पोरगी फोनवर रडली. वर्गात सारे इंग्रजीत बोलतात, गटात कोणी घेत नाही, पहिल्या चाचणीत कमी गुण पडले. मी म्हटले, "हिशेबाच्या तासाला तू कशी आहेस?" ती म्हणाली, "आत्या, जमाखर्च मला सगळ्यांच्या आधी येतो. बी.कॉम.ला झालं आहे ना." मग आता त्या गटातल्या मुली तिच्याकडून जमाखर्च शिकतात आणि ती त्यांच्याकडून इंग्रजीत बोलायला शिकते. जे वर्ष वाया गेले म्हणत होतो, ते तेथे असे कामाला आले.

प्रत्येकाने गाव सोडून पुण्याला जावे, असे माझे म्हणणे नाही. घरची परिस्थिती तशी नसेल तर येथेच बी.कॉम. मन लावून पूर्ण करावे. पदवीनंतर कॅटची परीक्षा देऊन आय.आय.एम.चे दार उघडते. नागपूरला २०१५ पासून आय.आय.एम. आहे. तेथेही आपल्या मुलांसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. वाट कोणती घ्यायची ते मुलाने आणि घराने मिळून ठरवावे. पण "साल वाया जाईल" या एकाच भीतीने ठरवू नये, आणि त्या भीतीवर धंदा करणाऱ्याच्या हातात मूळ कागद तर कधीच देऊ नयेत.

परवा भाऊ ऑटो घेऊन आला. शेजारच्या एका गृहस्थांना घेऊन आला होता. त्यांचा मुलगा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याला सीईटी द्यायची आहे. गृहस्थ दारातूनच म्हणाले, "पण ताई, एक वर्ष..."

त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच माझा भाऊ म्हणाला, "बसा भाऊ. आधी टी.सी. काढली नाही ना, ते सांगा."