इस्त्री टिकली तर टिकली, नाहीतर परभणी!

वीकेण्डची ट्रिप ठरली की आपलं बॅग भरणं साधारण असं असतं. आदल्या रात्री अकरा वाजता कपाट उघडायचं, हाताला येईल ते बेडवर टाकायचं आणि सॅकची चेन लागेपर्यंत वरून गुडघ्याने दाबायचं. मीही तेच केलं. फरक इतकाच, की यावेळी ट्रेकला नाही, लग्नाला निघाले होते. मामेबहिणीचं लग्न, डिसेंबरात, गंगाखेडला. इस्त्रीवाल्याकडून आणलेला कॉटनचा कुर्ता आणि आईची सिल्कची साडी, दोन्ही सॅकच्या तळाशी. वरून शूज, चार्जर आणि हेअर ड्रायर!

मुंबईहून रात्री सुटणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी जालना मागे टाकलं की खिडकीबाहेर काळी जमीन सुरू होते. परतूर, सेलू, मानवत रोड... सेलू आणि मानवत ही कापसाच्या बाजारासाठी ओळखली जाणारी गावं. डिसेंबर म्हणजे ऐन सिझन. भरून निघालेल्या गाड्यांमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला दिसतो. देशी कापसाच्या वाणांवर काम करणारं कृषी विद्यापीठही इथलंच. ते 1972 साली परभणीत सुरू झालं. थोडक्यात, आपण ज्या कॉटनच्या चुण्यांवरून वैतागतो, त्याच्या माहेरी मी चालले होते.

परभणीत उतरून एसटीने गंगाखेड. गोदावरीकाठचं हे गाव संत जनाबाईंचं जन्मगाव. विठोबा त्यांच्यासोबत दळायला बसायचा, धुणं धुवायचा, अशा कथा आपण लहानपणापासून ऐकलेल्या. पण इस्त्री करून दिल्याची कथा काही नाही! कारण घरी पोचून सॅक उघडली, तर कुर्त्याचा पार बोळा झाला होता.

‘‘काय कोंबलीस गं ह्यात?’’ आजीने विचारलं. मग स्वतःच कुर्ता उचलून न्हाणीघरात खुंटीला लावला. बंबातलं कढत पाणी बादलीत सोडलं आणि दार ओढून घेतलं. वीस मिनिटांत कुर्ता घालण्याजोगा झाला. शहरातले लोक ज्यासाठी स्टीमर विकत घेतात, ते काम बंबाने फुकटात केलं.

हे सगळं मामेभाऊ अगदी लक्ष देऊन बघत होता. त्याचं कारण लग्न नव्हतं. इंजिनिअरिंग संपवून तो नोकरी शोधत होता आणि सोमवारी पुण्यात त्याचा इंटरव्ह्यू होता. पहिल्या इंटरव्ह्यूचा किस्सा त्याने हसत हसत सांगितला. एकच चांगला शर्ट, इस्त्री करून सॅकमध्ये ठेवलेला. जनरल डब्यात रात्रभर उभा. सकाळी स्टेशनवर तोंड धुऊन शर्ट चढवला आणि थेट ऑफिसात. समोरच्या साहेबांनी विचारलं, ‘‘डायरेक्ट गाडीतून आलात का?’’ सगळे हसले. हाही हसला. नोकरी मिळाली नाही. ‘‘शर्टामुळे नसंल गेली,’’ तो म्हणाला, ‘‘पण पुढचे सगळे प्रश्न मी शर्ट झाकत दिले.’’

आपल्यातल्या कितीजणांना हे ओळखीचं वाटेल! पुण्या-मुंबईत रूम असणाऱ्याला शर्ट हँगरवरून काढून घालायचा असतो. बाकीच्यांना तो चारशे-पाचशे किलोमीटर सांभाळून आणावा लागतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण इथे सगळ्यांना पाठ आहे. जमलं तर जमलं, नाहीतर आपलं गाव आहेच. म्हणायला मजा येते, पण परतीच्या गाडीत बसलेल्याला ती फारशी विनोदी वाटत नाही.

रविवारी संध्याकाळी आजीने सूत्रं हातात घेतली. आजोबांचं जुनं, मऊ झालेलं धोतर अंथरलं. त्यावर पॅन्ट आणि शर्ट, एकमेकांवर, पूर्ण उलगडून. मधोमध टॉवेल आणि बनियनची गुबगुबीत वळकटी. मग शर्टाच्या बाह्या, पॅन्टचे पाय, एकेक करत त्या वळकटीभोवती गुंडाळले. शेवटी धोतराची चार टोकं बांधली. झालं बोचकं! जगभरातले प्रवासी ज्याला ‘बंडल पॅकिंग’ म्हणतात, तो फंडा नेमका हाच.

यामागे सरळ सायन्स आहे. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. त्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी धरून असतात. ओल लागली की हे बंध सुटतात आणि कापड ज्या अवस्थेत दाबलेलं असेल, त्याच अवस्थेत वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून घामट, दमट कॉटन सॅकमध्ये कोंबलं की चुणी पक्की बसते. बंबाच्या वाफेने तेच बंध पुन्हा सैल होतात आणि कुर्ता स्वतःच्या वजनाने सरळ होतो. बोचक्यात तर कडक घडीच नसते, कापड गोलाईवरून वळतं. चुणी पडायला जागाच कुठे?

‘‘आमच्या वेळी इस्त्री कुठं होती?’’ आजी गाठ मारता मारता म्हणाली. ‘‘तांब्यात निखारे घालायचे नि फिरवायचा. नाहीतर रातभर गादीखाली.’’

नांदेड-पनवेल एक्स्प्रेस गंगाखेडहून परळी, लातूर, कुर्डुवाडी करत पुण्याला जाते. मामेभाऊ बोचकं मांडीवर घेऊनच चढला. ब्रँडेड सॅकवाल्यांच्या गर्दीत थोडं ऑड दिसत होतं, पण त्याला पर्वा नव्हती.

सोमवारी सकाळी मोबाइलवर फोटो आला. निळा शर्ट, एकही चुणी नाही, मागे पुणे स्टेशन. नोकरीचं अजून काही कळलेलं नाही. पण संध्याकाळी तो फोनवर म्हणाला, ‘‘ह्या टायमाला नुसती उत्तरं दिली.’’

बॅग भरताना

• इस्त्री केल्यावर कपडे लगेच भरू नका. दहा-पंधरा मिनिटं हँगरवर गार होऊ द्या. गरम कपड्यावर चुणी पटकन बसते.

• टी-शर्ट, जीन्स, नाइट सूट यांच्या गुंडाळ्या करा. फॉर्मल शर्ट मात्र बोचक्याच्या पद्धतीने.

• सिल्कची किंवा जरीची साडी मऊ सुती कापडात गुंडाळून सगळ्यात वर ठेवा. घडीच्या जागा अधूनमधून बदला, नाहीतर जर तिथेच तुटते.

• बॅग अर्धवट रिकामी नको आणि ठासून भरलेलीही नको. शूज तळाशी, ओले कपडे वेगळ्या पिशवीत.

• पोचल्यावर आधी चहा नाही, आधी बॅग उघडा! कपडे टांगा आणि गरम पाण्याची वाफ द्या.

• आणि घरात आजी असेल, तर बॅग तिच्याकडून भरून घ्या.