पन्नास हर्ट्झचा मारिओ

दुरुस्तीला येणाऱ्या सामानात टीव्ही गेम आता क्वचितच सापडतो. आला, की हातातलं बाकीचं काम बाजूला सरकतं. पाठीचे स्क्रू काढले तर आत फारसं काही नसतं. 5 व्होल्ट देणारा 7805, आरएफचा पत्र्याचा डबा, 60 पिनांची कॅसेटची खाच आणि पाटीच्या मधोमध काळा घट्ट थेंब. निन्टेन्डोनं 1983 साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची जवळजवळ अख्खी नक्कल त्या थेंबाखाली बसवलेली असते. आमच्या लहानपणी जालन्यात व्हिडिओ गेम म्हणजे हाच. कॅसेटवर नऊ लाख नव्याण्णव हजार असला काहीतरी आकडा छापलेला असायचा, आत तेच पाच-दहा गेम नावं बदलून फिरायचे. त्यात मारिओ असला की बाकीच्यांशी कुणाला देणंघेणं नसे.

कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, हे तेव्हा प्रत्येक पोराला ठाऊक होतं. फुंकरीनं काही होत नाही. कॅसेट काढून परत बसवताना पिना एकमेकींवर घासतात, त्यानं काम होतं. फुंकरीतली ओल उलट पिना गंजवते. मी खोडरबर आणि स्पिरिट वापरतो. गिऱ्हाईक मात्र कॅसेट हातात आली की आधी फुंकतंच. मीही आता बोलत नाही.

पण सांगायचंय ते वेगाबद्दल. भाच्यानं घरच्या एलईडी टीव्हीला लॅपटॉप जोडून मूळ जपानी मारिओ लावून दिला. हा गेम मी झोपेतही खेळेन असा माझा समज. पहिल्याच पडद्यावर जरा ओढाताण झाली, पुढं तर साधे खड्डेही चुकायला लागले. भाचा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “मामा, तुम्ही उशिरा दाबायलात.”

वय झालं म्हणून सोडून दिलं असतं, पण कान ऐकेना. धून ओळखीची होती, सूर जागेवर होते, आणि तरी ती कुणीतरी मागं लागल्यासारखी पळत होती. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला यावरून शंका यायलाच हवी.

त्या काळी जपानचा टीव्ही एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला साठदा पडदा रंगवणारा. आपला पाल, पन्नासदा. टीव्हीचे हे आकडे मुळात विजेच्या कंपनसंख्येवरून ठरले, आणि आपली वीज 50 हर्ट्झची. जपानात गंमत अशी, की टोकियोकडची वीज 50 ची आणि निन्टेन्डोच्या क्योटोकडची 60 ची. टीव्ही मात्र देशभर साठचाच. मारिओतली प्रत्येक हालचाल पडद्याच्या या ठोक्याला बांधलेली आहे. एक ठोका, एक पाऊल. कोजी कोंडोनं रचलेली धूनही त्याच ठोक्यावर पुढं सरकते. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रात ठोके पन्नास झाले, पण आवाज काढणारी चिप जवळजवळ मूळच्याच वेगानं चालत राहिली. म्हणून आमच्याकडं सूर तेच राहिले, लय तेवढी विलंबित झाली.

हिशेब करून बघितला. मारिओच्या घड्याळाचा एक आकडा उतरायला 24 ठोके लागतात. पहिल्या पडद्यावर घड्याळ 400 वरून सुरू होतं. साठच्या टीव्हीवर ते 160 सेकंदांत संपतं, पन्नासच्या टीव्हीवर 192. जालन्यातल्या पोराला क्योटोतल्या पोरापेक्षा 32 सेकंद जास्त मिळत होती. उडीची लांबी तीच, खड्डा तेवढाच, फक्त अंगठ्याला विचार करायला सवड जास्त. 1987 मध्ये युरोपसाठी काढलेल्या आवृत्तीत निन्टेन्डोनं हा फरक भरून काढायला वेग वाढवून दिला होता. आमच्या नकली कॅसेटसाठी एवढे कष्ट कोण घेणार?

त्यात एलईडीची भर. पिक्चर ट्यूब आलेला सिग्नल आला तसा रंगवायची. एलईडी टीव्ही चित्र आधी स्वतःकडं घेतो, नटवतो, मग जरा उशिरानं दाखवतो. सेटिंगमधला गेम मोड चालू केला की हा उशीर बराच कमी होतो. गिऱ्हाइकांना मी हे न विचारता करून देतो.

वेगाचा इलाज लॅपटॉपवरच होता. गेम चालवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी आणि पालच्या खाली तिसरा पर्याय दिसला, डेंडी. डेंडी ही रशियात 1992 पासून विकली गेलेली फॅमिकॉमची नक्कल, आमच्याच जातकुळीतली. म्हणजे तिकडची एक पिढीही याच संथ मारिओवर वाढली, आणि त्यांच्यातल्या कुणाला तरी तो वेग जपून ठेवावासा वाटला. तो पर्याय निवडला आणि गेममधल्या 8-1 या पडद्यावरच्या रुंद खड्ड्यावरून धावत घेतलेली उडी पलीकडं पोचली. अंगठा बरोबरच होता, तो पन्नासवर शिकलेला होता.

मूळ वेग कोणता, यावर भाच्याचं माझ्याशी पटत नाही. निन्टेन्डोच्या मियामोतोनं बनवला तो साठचा, तोच खरा, असं तो म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खोडता येत नाही. माझ्या वेगावर तो लवकर उडी मारून खड्ड्यात पडतो आणि रिमोट माझ्याकडं टाकतो. “लई रटाळ आहे हे, मामा.” असेल. त्यानं मोबाईलवर साठचा खेळावा, माझी ना नाही. दुकानातल्या ट्यूबच्या टीव्हीला जोडलेल्या यंत्राला मात्र त्यानं हात लावायचा नाही.