कोरा रकाना

शुकनदीचं पाणी आज बाजारापर्यंत येऊन ओसरलं. मोत्या अंगणातल्या गढूळ डबक्याला तोंड लावणार, तोच आई ओरडली, “अरे, आवर तेका, लेप्टो होतलो!” उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा हा रोग माणसालाही सोडत नाही.

दीड महिन्यानं मुंबईला जायचंय. मोत्याला कणकवलीतल्या कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवणार. तिथल्या बाईंनी फोनवर आधी लशींचं कार्डच मागितलं. रेबीजचा शिक्का आहे, लेप्टोचा रकाना कोरा! मी ओशाळलो. पहिल्यांदा दोन डोस, मध्ये दोन ते चार आठवडे. शिवाय लस अंगी लागायलाही वेळ हवा. म्हणजे उद्याच डॉक्टर गाठायला हवेत. चार घरचे कुत्रे एकाच भांड्यात तोंड घालणार, त्यात आपला मोत्या.

रेल्वेची तिकिटं मात्र मी केव्हाच काढून ठेवली होती.