बोहनी कोणी केली?

तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रमुखांशी बोलणं आणि ते लिहून काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. बाणेर किंवा पवईच्या हॉटेलात भरलेली परिषद, गळ्यात अडकवलेली ओळखपत्रं, मंचावर तीन कोच आणि समोर पाण्याच्या बाटल्या. संस्थापक ‘इनोव्हेशन’वर बोलायला लागले की पुढच्या वीस मिनिटांत काय ऐकायला मिळणार हे मागच्या रांगेतला फोटोग्राफरसुद्धा सांगू शकतो. बाजार प्रचंड होता, टीम जीव तोडून काम करत होती, आम्ही अपयशाला घाबरलो नाही. यातलं खोटं काहीच नसतं. फक्त धंदा कसा वाढला ते त्यातून कळत नाही.

अशा वेळी एक प्रश्न कामाला येतो. बोहनी कोणी केली? गुंतवणूकदाराचा धनादेश यात धरायचा नाही. पहिल्या खऱ्या गिऱ्हाइकाने खिशात हात घातला तो कशासाठी, एवढंच सांगा.

भोसरीत कारखान्यांसाठी हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका उद्योजकाने मला आधी अर्धा तास क्लाउड समजावून सांगितला. हा प्रश्न आल्यावर त्याने टेबलाचा खण उघडला आणि पावतीपुस्तकातली कडा पिवळ्या पडलेली स्थळप्रत काढली. गिऱ्हाईक होतं एक फोर्जिंगचा कारखाना. दर महिन्याच्या सात तारखेला तिथे ओव्हरटाइमवरून ठरलेली वादावादी. कामगाराला आपल्या जादा तासांचा आकडा रोजच्या रोज मोबाइलवर दिसू लागला, आणि सात तारीख शांततेत जाऊ लागली. “साहेब, त्यांनी पैसे दिले ते भांडण मिटल्याचे,” तो म्हणाला. “पगारपत्रक तर त्यांचा अकाउंटंट एक्सेलवर करतच होता.” त्याच्या माहितीपत्रकात मात्र भांडणाचा उल्लेख कुठेच नव्हता, तिथे ‘एंड-टू-एंड सोल्युशन’ होतं.

नावारूपाला आलेल्या कंपन्यांच्या कहाण्या याच प्रश्नाने चाळून पाहिल्या तर वेगळ्याच दिसतात. पुण्यातलं सर्वांत बोलकं उदाहरण क्विक हीलचं. कंपनीचे संस्थापक कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडून ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले आणि पुढे मंगळवार पेठेत त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. हळूहळू दुकानात संगणक यायला लागले. धाकटे बंधू संजय यांनी संगणकशास्त्रच शिकावं हा आग्रहही कैलास यांचाच.

त्या काळातला व्हायरस फ्लॉपीवरून यायचा. रात्री ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी सकाळी मशीन चालू करताना तशीच असली, की तिच्या पहिल्याच सेक्टरमध्ये दडलेला कोड हार्ड डिस्कवर जाऊन बसे. मग त्या मशीनमध्ये घातलेली दुसरी फ्लॉपी बाधित, तिसरी बाधित. मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस तर वर्षभर गप्प बसायचा आणि ६ मार्चला डिस्कवरचा मजकूर उद्ध्वस्त करायचा. दुरुस्तीवाल्याने मशीन साफ करून दिलं तरी ऑफिसच्या कपाटात एखादी बाधित फ्लॉपी उरलेली असली, की तेच मशीन पुन्हा दुकानाच्या दारात. गिऱ्हाईक म्हणणार, तुमचं कामच कच्चं. संजय यांनी एकेका व्हायरसवर उतारा म्हणून छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यांतूनच १९९५ मध्ये डॉससाठीचं क्विक हील तयार झालं. किंमत सातशे रुपये.

म्हणजे ज्याचं मशीन आधीच टेबलावर उघडं पडलं होतं, ते पहिलं गिऱ्हाईक. दुरुस्तीच्या टेबलाशी बसलेल्याला बाजाराचा वेगळा अभ्यास करावा लागत नाही. बाजार स्वतःच चालत येतो, आणि तोही चिडलेला. पुढे हे उत्पादन देशभर पोचवलं तेही गावोगावच्या संगणक विक्रेत्यांच्या आणि दुरुस्तीवाल्यांच्या जाळ्याने. आता हे बाहेरच्या पैशाशी ताडून पाहा. सिकोया या गुंतवणूक कंपनीची साठ कोटींची गुंतवणूक आली २०१० मध्ये, शेअर बाजारात नोंदणी झाली फेब्रुवारी २०१६ मध्ये. पहिल्या विक्रीनंतर पंधरा वर्षं कंपनी चालली ती मुख्यतः गिऱ्हाइकांच्या पैशावर.

‘टॅली’ची बोहनी तर घरातलीच म्हणायची. श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना माल पुरवण्याचा व्यवसाय होता. हिशेबाची तेव्हाची सॉफ्टवेअर्स प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक मागत, आणि ते त्यांना मुळीच मान्य नव्हतं. मुलगा भरत गणिताचा पदवीधर. १९८६ मध्ये त्याने वडिलांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमात खात्याचं नाव खतावणीत लिहितात तसंच लिहायचं होतं. आज तालुक्याच्या ठिकाणचा अडत दुकानदारही ‘टॅलीला एन्ट्री मारली का?’ असं विचारतो, त्याच्या मुळाशी एका व्यापाऱ्याचा हा हट्ट आहे.

पुणेकरांना टोचेल अशी एक गोष्ट याच ओघात सांगून टाकतो. इन्फोसिसची नोंदणी २ जुलै १९८१ ला पुण्यात झाली, सुधा मूर्ती यांनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर. दोनच वर्षांत कंपनीने बाडबिस्तरा बंगळुरूला हलवला, कारण मायको हे देशातलं पहिलं गिऱ्हाईक तिथे होतं. पुण्याची हवा, पुण्याची कॉलेजं, सगळं जागच्या जागी होतं. गिऱ्हाईक नव्हतं.

दिवाळी अंकात सांगावी अशी गोष्ट रेडबसची. २००५ सालची दिवाळी. बंगळुरूत नोकरी करणारे फणींद्र सामा यांना हैदराबादेकडे घरी जायचं होतं. तिकिटासाठी ते एजंटांच्या दुकानांचे उंबरठे झिजवत राहिले. तिकीट काही मिळालं नाही आणि सण बंगळुरूतच गेला. रिकामी खोली, मित्र सगळे गावी गेलेले. असं झालं की आपण ट्रॅव्हल्सवाल्यांना चार शिव्या घालून गप्प बसतो. सामा यांनी चौकशी सुरू केली.

ही पद्धत आपल्याकडच्या स्वारगेट-दादरच्या प्रवाशालाही नवी नाही. बसमालक प्रत्येक एजंटाला ठरावीक जागा वाटून देई. एजंटाकडे कागदी तक्ता. त्याच्या वाट्याच्या जागा संपल्या की तो मालकाला फोन लावणार. फोन लागला तर ठीक, नाहीतर ‘फुल्ल आहे’ म्हणून मोकळा. दुसऱ्या एजंटाच्या तक्त्यात त्याच गाडीतल्या चार जागा पडून असल्या तरी त्याला पत्ता नाही. गाडी अर्धवट रिकामी सुटतेय आणि प्रवासी रस्त्यावर ताटकळतोय, दोन्ही एकाच वेळी, एकाच रात्री. इंजिनिअर माणसाला हे माहितीचं कोडं वाटणं साहजिक होतं. सामा आणि त्यांचे मित्र सुधाकर पसुपुनुरी व चरण पद्मराजू यांनी जागांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर लिहून बसमालकांपुढे ठेवलं.

कोणीही घेतलं नाही. फुकटही नको होतं. बसमालकाच्या लेखी अडचण नव्हतीच. एजंट त्याच्या ओळखीचे, उधारी-वसुली बिनबोभाट चाललेली, आणि संगणकासमोर बसणारा पोरगा ठेवायचा म्हणजे पगार आला. मग या तिघांनी बाजूच बदलली. मालकाला म्हणाले, सॉफ्टवेअर राहू द्या, चार जागा आम्हाला विकायला द्या, विकल्या तर कमिशन. ही भाषा मालकाला लगेच कळली, कारण एजंटही तीच बोलत होता. २००६ मध्ये वेबसाइट सुरू झाली. आयटी कंपन्यांच्या दारांत उभं राहून त्यांनी प्रवाशांना कार्डं वाटली. जागा विकल्या जाऊ लागल्या, तसे मालक आणखी जागा देऊ लागले. काही वर्षांनी, एजंट म्हणून विश्वास बसल्यावर, मालकांच्या कार्यालयांत रेडबसचं सॉफ्टवेअरही शिरलं. २०१३ मध्ये इबिबो समूहाने कंपनी विकत घेतली.

ही कहाणी व्यवस्थापनाच्या वर्गात ‘समस्या ओळखा आणि तंत्रज्ञानाने सोडवा’ या मथळ्याखाली शिकवली तर विद्यार्थ्यांची फसवणूक होईल, असं मला वाटतं. तंत्रज्ञान पहिल्या दिवशीही तयार होतं. अडलं होतं ते बसमालकाच्या गल्ल्यापाशी, आणि सुटलं ते त्याच्या सवयीचा व्यवहार त्याच्यापुढे ठेवल्यावर.

फ्लिपकार्टचंही तेच. २००७ मध्ये पुस्तकं विकत सुरू झालेल्या या कंपनीचा पाया पक्का केला तो २०१० मध्ये आलेल्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ने. कार्डाचा क्रमांक संगणकात टाकायला लोक धजत नव्हते, आणि कार्डं तरी किती जणांकडे होती? वस्तू हातात घ्या, मग नोटा मोजा, ही सोय म्हणजे वाण्याच्या दुकानातलीच रीत. कंपनीच्या बाजूने मात्र ती महागात पडणारी: रोकड गोळा करा, मोजा, बँकेत भरा, आणि दार उघडून ‘नको आता’ म्हणणाऱ्यांचा माल स्वखर्चाने परत न्या. तरी ती केली, म्हणून गिऱ्हाईक आलं.

बोहनीच जिथे गुंतवणूकदाराच्या पैशाने होते तिथे काय होतं, याचा एक धडा पुण्याने २०१५ मध्ये जवळून पाहिला. मुंबईतल्या आयआयटीच्या पदवीधरांनी काढलेलं टायनीआऊल हे जेवण मागवायचं ॲप. सवलतींचा पाऊस, मोठ्या गुंतवणूकदारांची नावं, शहराशहरांत कार्यालयं. त्या वर्षाच्या उत्तरार्धात नोकरकपात सुरू झाली आणि नोव्हेंबरात पुण्याच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांनी थकबाकीसाठी एका सहसंस्थापकाला अडवून धरलं. पुढल्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. शंभराचं जेवण पन्नासात खाणारा माणूस गिऱ्हाईक असतो की पाहुणा, हे सवलत थांबेपर्यंत कळत नाही.

याच्या अगदी उलट स्वभावाच्या दोन कंपन्या दक्षिणेत आहेत. श्रीधर वेंबू यांची झोहो १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झाली, ती नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर पुरवत. २००० नंतर डॉटकॉमचा फुगा फुटला आणि ही गिऱ्हाइकं एकामागून एक बुडाली. बाहेरचा गुंतवणूकदार नव्हता, त्यामुळे कंपनी बंद करा किंवा विका असं सांगणाराही कोणी नव्हता. त्यांनी उपकरणं वापरणाऱ्या कंपन्यांकडे मोर्चा वळवला आणि मग छोट्या व्यवसायांसाठी वेबवर चालणारी सॉफ्टवेअर्स काढली. वेंबू स्वतः तेनकाशीजवळच्या मत्तळंपाराई या खेड्यात राहायला गेले, याचं वर्तमानपत्रांना फार अप्रूप. मला जास्त मोलाची वाटते ती बारावी-पदविका झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन घडवणारी त्यांची शाळा.

दुसरी शेअर दलालीतली झिरोधा. नितीन आणि निखिल कामत यांनी १५ ऑगस्ट २०१० ला बंगळुरूत सुरू केलेली, एकही बाहेरचा रुपया न घेता. तेव्हा दलाल व्यवहाराच्या रकमेवर टक्क्याने दलाली घेत. यांनी व्यवहार लाखाचा असो वा कोटीचा, वीस रुपये ठरवले. २०१५ च्या अखेरीस शेअर घेऊन ठेवणाऱ्यांची दलाली शून्यावर आणली. तंत्रज्ञानप्रमुख कैलाश नाध यांनी ही यंत्रणा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभी केली, तीही तिसेक जणांच्या चमूनिशी. ग्राहक मात्र कोटीच्या वर. जाहिराती नाहीत. ‘बाजार पडलाय, आत्ता घ्या’ असं ढोसणाऱ्या सूचना नाहीत.

कौतुक करून झाल्यावर माझा प्रश्न इथेही विचारायला हवा. शेअर ठेवणाऱ्याकडून दलाली शून्य, मग उत्पन्न कुठून? मोठा हिस्सा फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्यांकडून. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या प्रकारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. हा साऱ्या दलाली उद्योगाचा प्रश्न आहे, एकट्या झिरोधाचा नाही. नितीन कामत स्वतः यावर उघडपणे लिहितात, बोलतात, हेही खरं. पण हरणाऱ्यांच्या पैशावर उभा असलेला धंदा कितीही नेटका असला तरी त्याला नुसतं ‘इनोव्हेशन’ म्हणून सोडून देता येणार नाही.

उरली यूपीआय, जिचं नाव हल्ली प्रत्येक परिषदेत आरतीसारखं घेतलं जातं. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने ती घडवली. ११ एप्रिल २०१६ ला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी २१ बँकांसह तिची सुरुवात केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांची संख्या २,००० कोटींवर गेली. बहुतेक व्यवहार होतात ते फोनपे आणि गुगल पे या दोन खाजगी ॲपांवरून. या कंपन्यांच्या प्रमुखांना आपण वाढीबद्दल विचारतो, ते वाढीबद्दल सांगतात. पण १ जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. गिऱ्हाईक तर काहीच देत नाही.

भाजीवाल्या मावशींच्या गाड्यावर मात्र एक चुकतं करणारं गिऱ्हाईक सापडलं. हात ओले, समोर चार माणसं, मोबाइल पिशवीत. पैसे आले की नाही हे बघायचं कधी? कोणी जुन्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट दाखवून कोथिंबीर घेऊन गेला तरी कळत नसे. कांद्याच्या ढिगाशेजारी ठेवलेल्या ‘साउंडबॉक्स’ नावाच्या छोट्या डब्याने ‘चाळीस रुपये मिळाले’ असं मराठीत ओरडून सांगायला सुरुवात केली, आणि त्यासाठी मावशी महिन्याचं भाडं भरायला तयार झाल्या. या साखळीत जिच्या उपयोगाचं काही झालं आणि जिने राजीखुशीने पैसे मोजले, अशी ती बाई.

बाकी यंत्रणेचा खर्च बँका सोसतात, आणि ॲपवाल्या कंपन्या कर्ज, विमा यांच्या विक्रीतून तो भरून काढायला बघतात. शिवाय दोन हजार रुपयांपर्यंतच्या छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांपोटी केंद्र सरकारने २०२४-२५ या वर्षासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ते पैसे करदात्यांचे आहेत.