किल्ली त्यांच्याकडे, घर आमचं

कोरमंगलातल्या आमच्या इमारतीचा पहिला मजला एका स्टार्टअपकडे भाड्याने होता. सासरे बेळगावहून येऊन इथे स्थिरावले आणि आयुष्यभराच्या पुंजीतून त्यांनी ही वास्तू उभी केली. त्यांच्या माघारी सासूबाईंचं औषधपाणी त्या भाड्यावरच चालायचं. आधी भाड्याला उशीर होऊ लागला, मग नुसती आश्वासनं मिळू लागली आणि शेवटी ऑफिसात कुणी फिरकेना. काचेतून आत रिकाम्या खुर्च्या आणि अर्धवट पुसलेला फळा दिसे. दाराखाली बेसकॉमची बिलं साचत होती.

आपलं कुलूप लावून जागा ताब्यात घ्यावी, असं घरात ठरत होतं. तेवढ्यात कळलं, की दुसऱ्याच एका धनकोच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या (एनसीएलटी) बेंगळुरू पीठाने त्या कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली आहे. वकील म्हणाले, “मॅडम, आता कुलपाला हात लावू नका.”

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतल्या कलम १४ प्रमाणे अर्ज दाखल करून घेतला, की मोरेटोरियम, म्हणजे वसुलीला स्थगिती, लागू होतो. कंपनीच्या ताब्यातली जागा मग मालकालाही परत घेता येत नाही. प्रक्रियेची मुदत १८० दिवस. ती ३३० पर्यंत वाढू शकते. “घर आपलं, मग किल्ली त्यांच्याकडे का?” सासूबाई विचारत. जो तो आपापली वस्तू ओढून नेऊ लागला तर चालू धंदाही कोसळेल आणि कामगारांसह सगळेच बुडतील, हे मला पटत होतं. पण औषधांचं बिल थांबत नव्हतं.

अर्ज दाखल करून घेतल्याच्या त्या एका तारखेने आमच्या भाड्याचे दोन भाग केले. आधीची थकबाकी हा दावा झाला. जाहीर सूचनेतल्या मुदतीत फॉर्म बी भरून करारपत्र आणि बँकेचे उतारे जोडले. धंद्याच्या जागेचं भाडं हे ‘ऑपरेशनल’ देणं ठरतं, असा निकाल अपिलीय न्यायाधिकरणाच्या मोठ्या पीठाने २०२२ मध्ये दिला आहे, त्याचा आधार मिळाला. तरी बँकांनंतरच आमचा नंबर. तारखेनंतरचं भाडं मात्र प्रक्रियेचा खर्च धरलं जातं आणि ते सगळ्यांच्या आधी द्यावं लागतं. म्हणून प्रक्रियेच्या काळात कंपनीचा कारभार पाहणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलना मी दरमहा बिल पाठवत राहिले. पुढे त्यांना जागेची गरज उरली नाही. किल्ल्या मिळाल्या, नंतरचं भाडंही आलं. जुनी थकबाकी अजून दाव्यातच आहे.

जागा अडवून ठेवायची असेल, तर तिचं भाडं दरमहा हातात पडलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि कंपनीला जागा देणाऱ्यांना कळकळीचं सांगणं: थकबाकी अ‍ॅडव्हान्समधून वळती करण्याचं कलम करारात स्पष्ट लिहून घ्या आणि भाडं थकू लागताच लेखी नोटीस द्या. मोरेटोरियम लागल्यावर मालकाच्या हाती फारसं काही उरत नाही.