करकंब ते गोवा : उंबरठ्यापासून मोजलेला प्रवास

२०१९ साली आमचे वडील गेले, तेव्हा धाकटी बहीण गोव्यात म्हापशाला होती. जावई तिथे गवंडीकाम करतात. निरोप मिळताच ती निघाली. सावंतवाडी, आंबोलीचा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला, पंढरपूर अशा गाड्या बदलत दुसऱ्या दिवशी दुपारी करकंबला पोचली. तोवर सगळे आटोपले होते. तिला वडिलांचे तोंड पाहायला मिळाले नाही.

म्हणून ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमान सुरू झाल्याची बातमी आमच्या घरात निराळ्याच मनाने ऐकली गेली. त्याच पावसाळ्यात बहिणीचे दिवस भरत आले. आईला तिच्याकडे पोचवायचे होते. आईला गाडी लागते, गुडघेही दुखतात. मी विमानाची दोन तिकिटे काढली. माझी दहा दिवसांची मजुरी गेली.

सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावर आहे. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांनी व कामगारांनी ती पाडण्यास विरोध केला होता. आपल्या सोयीमागे कोणाचे काय गेले, हेही आपण ध्यानात ठेवावे.

सोलापूरपासून गोव्यातील मोपा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३०५ किलोमीटर आहे. पंख्याचे, सत्तरएक माणसांचे हे विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग घेते. तरीही चढणे-उतरणे धरून तास-सव्वा तास लागतो.

पण आमचा हिशेब घरापासून सुरू होतो. करकंबहून गोवा नैर्ऋत्येला, आणि विमानासाठी जायचे आधी पूर्वेला, सोलापूरला! एस.टी.ने पंढरपूरमार्गे विमानतळापर्यंत तीन तास, तिथे दोन तास आधी हजेरी, मग विमान, पुढे मोप्याहून म्हापशापर्यंत तासभर. एकूण सात तास. गाड्या बदलत गेलो असतो तर बारा लागले असते.

आई खिडकीशी बसली. खाली नुसते ढग. बराच वेळ गप्प राहून तिने विचारले, "तवा हे इमान असतं, तर पोरगी पोचली असती का रं?"

मी खरे तेच सांगितले. विमान रोज नव्हते. त्या दिवशी असते, हातात पैसे असते, जागा मिळाली असती, तर कदाचित पोचली असती.

वाचकांनो, असा प्रवास करायचा असेल तर विमानाचे वार आधी पाहा. ओळखपत्र जवळ ठेवा. सुटण्याच्या तासभर आधी खिडकी बंद होते, हे विसरू नका. आणि तिकिटावरच्या एका तासावर विसंबू नका. वेळ आपल्या उंबरठ्यापासून मोजा.

चौथ्या दिवशी बहिणीला मुलगी झाली. या खेपेला आई जवळ होती.